लपवलेला टास्कबार नको तेव्हा वर येतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टास्कबार, म्हणजे विंडोजमध्ये पडद्याच्या तळाशी दिसणारी बटणांची पट्टी, आपोआप लपवायची (ऑटो-हाइड) सोय विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ पासून आहे. तो भलत्या वेळी डोकं वर काढतो ही तक्रारही साधारण तेवढीच जुनी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या अडत दुकानात हिशेब लिहिणारा असो, उद्यमनगरात ड्रॉइंग काढणारा असो की बिंदू चौकाच्या आसपास लग्नपत्रिका जुळवणारा, त्रास सारखाच दिसतो. कारणं मात्र वेगवेगळी असतात आणि कारण न शोधता केलेले उपाय वाया जातात.

खालची उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये पडद्यावर दिसतात तीच, फक्त देवनागरीत.

टास्कबार लपवलाय, तरी सारखा वर येतो. सुरुवात कुठून करायची?

सेटिंग्जना हात लावायच्या आधी एक छोटी परीक्षा करा. पट्टी वर आली की माऊसचा बाण पडद्याच्या मध्यभागी न्या, हात काढून घ्या आणि दोन-तीन सेकंद थांबा.

पट्टी खाली गेली, तर तिला बाणानेच वर बोलावलं होतं. बाण पडद्याच्या खालच्या कडेला टेकला की पट्टी येते, एवढंच. यावरचे उपाय माऊसचे आणि खिडक्यांच्या मांडणीचे आहेत.

खाली गेली नाही, तर डेस्कटॉपवर रिकाम्या जागी एक क्लिक करा. आता गेली, तर कीबोर्डचा ताबा टास्कबारवर अडकला होता. चुकून विंडोज की दाबली गेली किंवा विंडोज की आणि टी एकत्र दाबल्या गेल्या की असं होतं. काळजीचं काही नाही.

तरीही हलली नाही, तर पट्टीवरची बटणं नीट बघा. एखादं बटण केशरी किंवा लालसर झालं असेल तर तो प्रोग्राम तुम्हाला हाक मारतोय. एकही बटण रंगलेलं नसेल तर उजवीकडचा छोटा वर-बाण दाबून लपलेले आयकॉन बघा. तिथेही काही नसेल, तर विंडोज एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम, अडकलाय असं समजा.

या क्रमाने गेलात तर अर्ध्या मिनिटात कळतं की दुखणं कुठल्या जातीचं आहे. बहुतेक लोक हा टप्पा गाळतात, थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शिरतात आणि तासभर घालवतात.

बटण केशरी होऊन पट्टी वर अडकून बसते. विंडोज असं का करते?

कारण ती तशीच बनवली आहे. जुन्या काळी कुठलाही प्रोग्राम मनात येईल तेव्हा आपली खिडकी तुमच्या पुढ्यात आणून ठेवायचा. तुम्ही पत्र टाइप करताय आणि निम्मं वाक्य दुसऱ्याच खिडकीत पडलंय, असं व्हायचं. विंडोज ९८ आणि २००० पासून याला आळा घातला गेला. मागे असलेल्या प्रोग्रामला पुढे यायचं असेल तर विंडोज त्याला अडवते आणि त्याचं टास्कबारवरचं बटण लुकलुकवते. शिवाय प्रोग्राम स्वतःहूनही आपलं बटण लुकलुकवू शकतो. नवा मेसेज आला, फाइल तयार झाली, पासवर्ड हवा आहे, अशा वेळी.

टास्कबार लपलेला असताना लुकलुकणारं बटण दिसणार कसं? म्हणून विंडोज पट्टीच वर आणते आणि तुम्ही त्या बटणावर जाईपर्यंत ती वर ठेवते. म्हणजे हा बिघाड नाही, ठरवून ठेवलेली वागणूक आहे. ती सर्वांना नको असते, हे वेगळं.

मग हे लुकलुकणं बंद करता येतं का?

विंडोज ११ मध्ये येतं. सेटिंग्ज उघडा, पर्सनलायझेशन, मग टास्कबार, खाली टास्कबार बिहेवियर्स. तिथे ‘शो फ्लॅशिंग ऑन टास्कबार ॲप्स’ अशी ओळ आहे, तिची खूण काढा. पट्टी अडकून बसण्याचा त्रास बहुतेक वेळा इथेच मिटतो. ही ओळ दिसत नसेल तर तुमची विंडोज ११ जुनी आहे. ती सोय नंतरच्या अपडेटमधून आली, तेव्हा आधी विंडोज अपडेट पूर्ण करून घ्या.

त्याच ठिकाणी ‘शो बॅजेस ऑन टास्कबार ॲप्स’ अशीही ओळ आहे. बॅज म्हणजे आयकॉनवरचा आकड्याचा बारीक ठिपका. तो सहसा पट्टीला वर आणत नाही, राहू द्या.

विंडोज १० मध्ये ती ओळ सापडत नाही.

नाहीच आहे. विंडोज १० मध्ये बॅजची ओळ आहे, लुकलुकण्याची नाही. तिथे ज्या प्रोग्राममुळे पट्टी येते त्याच्याच सेटिंगमध्ये जावं लागतं.

व्हॉट्सॲपचा डेस्कटॉप प्रोग्राम असेल तर त्याच्या सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन मेसेजच्या सूचना बंद करा, किंवा निदान त्रास देणारे ग्रुप म्यूट करा. गल्लीतल्या तरुण मंडळाचा ग्रुप गणपतीच्या आधी महिनाभर म्यूट केला तरी अर्धं काम होतं. कामाचे चार मेसेजच बघायचे असतील तर डेस्कटॉप प्रोग्राम काढून ब्राउझरच्या टॅबमध्ये व्हॉट्सॲप उघडणं सोपं.

आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल असं जाऊन ‘मेसेज अरायव्हल’खालच्या सूचना बंद करा. आउटलुकची रिमाइंडरची खिडकी वेगळी असते. ती त्याच ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड भागात सापडेल. जुन्या, होऊन गेलेल्या बैठकांची रिमाइंडर साचली असतील तर ‘डिसमिस ऑल’ करा. ती खिडकी मागे उघडी राहून पट्टीला वर धरून ठेवते आणि लोक दोष व्हॉट्सॲपला देत बसतात.

तिसरा प्रकार फसवा. ढालीचं चित्र असलेलं बटण लुकलुकतं. एखादा प्रोग्राम मागच्या मागे अपडेट होऊ पाहतोय आणि त्याला तुमची परवानगी हवी आहे, असा त्याचा अर्थ. तो प्रोग्राम पुढे नसल्यामुळे विंडोज परवानगीची चौकट थेट न दाखवता पट्टीवर ठेवते. बटणावर क्लिक करा, नाव वाचा, ओळखीचं असेल तर परवानगी द्या. अपडेट एकदा होऊन गेलं की पट्टी शांत होते. नाव अनोळखी असेल तर ‘नो’ म्हणा आणि तो प्रोग्राम कुठून आला ते आधी शोधा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ही सोय तिथे नव्याने येईल अशी आशा धरू नका.

रजिस्ट्रीत ‘फोरग्राउंड फ्लॅश काउंट’ बदला असं सांगतात. उपयोग होतो?

फारसा नाही. ती नोंद एवढंच ठरवते की विंडोजने एखाद्या प्रोग्रामला पुढे येण्यापासून अडवलं तर त्याचं बटण किती वेळा लुकलुकवायचं. मूळ आकडा ७ असतो. तो १ केला तरी बटण एकदा लुकलुकून रंगलेलंच राहतं आणि पट्टी तशीच वर. शिवाय जो प्रोग्राम स्वतःहून लुकलुकतो तो किती वेळा ते स्वतःच ठरवतो, या आकड्याला विचारत नाही.

तिच्याच शेजारी ‘फोरग्राउंड लॉक टाइमआउट’ नावाची नोंद असते, मूळ किंमत २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद. ती शून्य करा असा सल्लाही फिरतो. तो मात्र मुळीच ऐकू नका. शून्य केलं की प्रोग्रामना पुढे उडी मारायची मोकळीक मिळते. लुकलुकणं जाईल, पण बिल टाइप करताना मध्येच भलती खिडकी पुढ्यात येईल आणि एंटर तिच्यात पडेल. पट्टी वर येणं त्यापेक्षा शंभर पटीने परवडलं.

एकही बटण रंगलेलं नाही, तरी पट्टी वरच आहे.

उजव्या कोपऱ्यातले आयकॉन तपासा. यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम, प्रिंटरची शाई सांगणारा, अँटिव्हायरस, मराठी टायपिंगचा प्रोग्राम, पेन ड्राइव्हसारख्या डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम, सगळे तिथे बसलेले असतात. यातले जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम सूचना देताना पट्टीला वर ओढतात.

कोण आहे ते ओळखायची रीत अशी. वर-बाण दाबून लपलेले आयकॉन उघडा, एकेकावर राइट क्लिक करून एक्झिट करा आणि दर वेळी पट्टी खाली जाते का बघा. अँटिव्हायरसला सोडून द्या. गुन्हेगार सापडला की त्याच्याच सेटिंगमध्ये सूचना बंद करा. तशी सोय नसेल आणि तो रोज लागत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या यादीत त्याला डिसेबल करा. मग तो हवा तेव्हाच हाताने उघडायचा.

आयकॉन भरपूर असतील तर एकेक करत बसू नका. स्टार्टअपच्या यादीतले निम्मे डिसेबल करून मशीन रिस्टार्ट करा. त्रास गेला तर गुन्हेगार त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. पुन्हा निम्मे करा. सोळा प्रोग्राम असले तरी चार फेऱ्यांत नाव हाती लागतं.

विंडोज ७ अजून चालू असलेल्या ठिकाणी, आणि कारखान्यांत ती बरीच आहे, हेच काम जास्त सोपं आहे. टास्कबारच्या प्रॉपर्टीजमध्ये नोटिफिकेशन एरियासमोर ‘कस्टमाइझ’ दाबा आणि त्या आयकॉनपुढे ‘हाइड आयकॉन अँड नोटिफिकेशन्स’ निवडा.

विंडोज एक्सप्लोरर रिस्टार्ट कसा करायचा? चालू काम जाईल का?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबा. टास्क मॅनेजरच्या यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, राइट क्लिक, रिस्टार्ट. पडदा क्षणभर रिकामा होईल, टास्कबार नाहीसा होऊन परत येईल. एक्सेल, वर्ड, टॅली, कोरल वगैरे चालू प्रोग्रामना धक्का लागत नाही. फक्त उघडलेले फोल्डर बंद होतात. फाइल कॉपी होत असेल तर ती पूर्ण झाल्यावरच हे करा.

यूट्यूबचा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर असताना खाली पट्टी दिसत राहिली, तर तिथेही हाच उपाय चालतो.

एक्सेलमध्ये खालच्या शीटच्या नावावर क्लिक करायला गेलं की पट्टी आडवी येते.

सगळ्यात जास्त चिडचिड करणारा प्रकार हाच. एक्सेलची शीटची नावं, टॅलीची खालची बटणं, कोरलमधली पानांची पट्टी आणि रंगांच्या खुणा, हे सगळं पडद्याच्या तळाशी. लपलेला टास्कबार पूर्ण जात नाही. कडेला दोनेक पिक्सेलची रेघ मागे ठेवतो, आणि बाण त्या रेघेला लागला की काम झालं.

हमखास चालणारा उपाय दिसायला गावठी आहे. खिडकी मॅक्सिमाइझ करू नका. तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं मधलं बटण दाबून ती मोकळी करा, मग कडा ओढून पडदाभर पसरा, पण खाली बोटभर जागा सोडा. आता शीटच्या नावांच्या खाली रिकामी पट्टी उरते, बाण थोडा घसरला तरी कडेपर्यंत जात नाही. बरेच प्रोग्राम बंद करताना असलेला आकार लक्षात ठेवतात, त्यामुळे हे रोज करावं लागत नाही.

एक्सेलमध्ये त्याहून बरं म्हणजे माऊस लावायचाच नाही. कंट्रोल आणि पेज डाउन दाबलं की पुढची शीट, कंट्रोल आणि पेज अप दाबलं की मागची. टॅलीवाल्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांचा माऊस तसाही धूळ खात पडलेला असतो.

बाण कडेला टेकल्यावर पट्टी एक सेकंद उशिरा यावी, असं सेटिंग आहे का?

विंडोजमध्ये नाही. रजिस्ट्रीतल्या ‘मेन्यू शो डिले’ नावाच्या नोंदीचा हवाला दिला जातो, पण ती मेन्यू उघडण्याचा उशीर ठरवते, टास्कबारचा नाही. ‘माऊस हॉवर टाइम’चीही तीच गत. हे आकडे बदलल्याने मशीन इतरत्र सुस्त वाटायला लागेल आणि पट्टी होती तशीच येत राहील.

माऊसला हातही लावलेला नसतो, तरी पट्टी येते.

टेबल काचेचं आहे का? गुजरीतल्या सराफी दुकानांत संगणक बहुधा काचेच्या काउंटरवर असतो. साधा ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे बारीक फोटो घेत आपली हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला खूणच मिळत नाही, म्हणून बाण थरथरतो किंवा हळूहळू सरकतो. सरकत सरकत कडेला पोचला की पट्टी वर. कापडी माऊसपॅड टाका. तो नसेल तर सध्या एक पुठ्ठा चालेल. माऊस उलटा करून खालच्या भोकात अडकलेलं तंतू-केसही काढा.

लॅपटॉप असेल तर तळहात टचपॅडला लागत असतो. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड असं जा आणि सेन्सिटिव्हिटी ‘लो’ करा. वेगळा माऊस वापरत असाल तर ‘लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माऊस इज कनेक्टेड’ याची खूण काढून टाका, टचपॅड झोपून राहील. टच स्क्रीनच्या लॅपटॉपवर तळाकडून वर बोट फिरवलं तरी पट्टी येते. स्क्रीन फडक्याने पुसतानाही.

पट्टी येते ती येते, सोबत हवामान आणि बातम्यांचा मोठा फलक पण उघडतो.

तो विजेट्सचा फलक. डाव्या कोपऱ्यावरून बाण गेला तरी उघडतो. विंडोज ११ मध्ये पर्सनलायझेशनमधल्या टास्कबारच्या पानावर विजेट्स बंद करा. हवामान हवंच असेल तर फलक उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘ओपन ऑन हॉवर’ तेवढं बंद करा. विंडोज १० मध्ये टास्कबारवर राइट क्लिक करून ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’मध्ये हेच मिळेल.

लग्नाच्या हॉलमध्ये एलईडी वॉलवर फोटो चालू असताना खाली पट्टी येते. सगळे बघतात.

लॅपटॉपचा पडदा जसाच्या तसा वॉलवर दाखवणं, म्हणजे डुप्लिकेट करणं, हीच मुळात अडचण आहे. विंडोज की आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. मग टास्कबार बिहेवियर्समध्ये ‘शो माय टास्कबार ऑन ऑल डिस्प्लेज’ची खूण काढा. आता टास्कबार फक्त तुमच्या लॅपटॉपवर राहील, वॉलवर तो नसेलच, त्यामुळे वर यायचा प्रश्न नाही. फोटोंची किंवा व्हिडिओची खिडकी ओढून वॉलच्या पडद्यावर न्या आणि तिथे फुल स्क्रीन करा. आधी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये लॅपटॉपचा पडदा ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ केलेला आहे ना, हे बघून घ्या, नाही तर सगळं उलटं होईल.

गणपतीच्या देखाव्यापुढचा पडदा असो की कॉलेजातला प्रोजेक्टर, रीत हीच. काही प्रोजेक्टरवर डुप्लिकेटशिवाय इलाज नसतो. तिथे सुरू करायच्या आधी सिस्टिम, नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा, विंडोज १० मध्ये त्याचं नाव ‘फोकस असिस्ट’. आणि व्हॉट्सॲप, आउटलुक सरळ बंद करा. डू नॉट डिस्टर्ब कोपऱ्यातल्या सूचना थांबवतं. बटणाचं लुकलुकणं ही वेगळी गोष्ट आहे, ते त्याने थांबेलच असं नाही.

दोन मॉनिटर एकावर एक लावलेत. खालच्यावर जाताना वरच्याची पट्टी उघडते.

बाण वरच्या मॉनिटरची खालची कड ओलांडतो, म्हणून. दुसऱ्या पडद्यावरचा टास्कबार वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे बंद करा आणि खालच्या मॉनिटरला मुख्य करा. वरचाच मुख्य हवा असेल तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्ही चौकोन ओढून शेजारी शेजारी मांडा. टेबलावर ते एकावर एकच राहिले तरी चालतं, बाण फक्त बाजूने जायला लागेल. एक-दोन दिवस हात चुकतो, मग बसतो.

रिमोट डेस्कटॉपमध्ये दोन दोन पट्ट्या येतात.

एक तुमच्या मशीनची, एक पलीकडची, आणि दोन्ही एकाच कडेला. दोन्हीकडे ऑटो-हाइड ठेवू नका. पलीकडच्या मशीनवर टास्कबार कायम दिसता ठेवा, इकडचा लपवा. कनेक्ट करताना लोकल रिसोर्सेसमध्ये विंडोज कीची जोडकळ कुठल्या मशीनला लागू व्हावी हे विचारलेलं असतं. तिथे ‘ओन्ली व्हेन यूजिंग द फुल स्क्रीन’ बरं पडतं.

सेवा केंद्रात दाखले काढताना पट्टी सारखी येते. कायमची बंद करू का?

इथे थांबा. डिजिटल सहीच्या टोकनचा पिन मागणारी चौकट पुष्कळदा ब्राउझरच्या मागे उघडते आणि तिचं बटण लुकलुकतं. पट्टी वर येते ती त्याचसाठी. लुकलुकणं बंद केलंत तर चौकट मागे वाट बघत राहील, पुढे पान नुसतं गोल फिरत राहील आणि समोरची रांग ‘सर्व्हर डाउन आहे’ असं ऐकून घरी जाईल. प्रिंटरमधला कागद संपल्याची चौकट, फाइल कॉपी होताना ‘रिप्लेस करू का’ हा प्रश्न, यांचंही तसंच. ज्या मशीनवर पिन, पासवर्ड आणि परवानग्यांची कामं चालतात तिथे टास्कबार लपवूच नये, हे आमचं मत.

सीएनसी मशीनला जोडलेल्या संगणकावर काय करावं?

कमीत कमी. मशीन चालू असताना एक्सप्लोरर रिस्टार्ट करू नका, बाहेरचा कुठलाही प्रोग्राम टाकू नका. कंट्रोलरचा प्रोग्राम फुल स्क्रीनवर चालत असेल तर टास्कबार तसाही दिसत नाही. नसेल, तर ऑटो-हाइड बंद करा. मशीन पुरवणाऱ्याच्या माणसाला विचारून मगच स्टार्टअपमधलं काही काढा. कुठला फालतू दिसणारा आयकॉन डोंगलचा, म्हणजे प्रोग्रामच्या परवान्याच्या यूएसबी किल्लीचा, निघेल, सांगता येत नाही.

पट्टी फक्त विंडोज की दाबल्यावरच यावी, माऊसने येऊच नये. जमेल?

विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगने नाही. बाहेरच्या प्रोग्रामने जमतं. ‘विंडहॉक’ हा मोफत, खुल्या स्रोताचा प्रोग्राम आहे. त्यात विंडोजच्या वागण्यात बदल करणारे छोटे मॉड असतात. टास्कबार फक्त कीबोर्डनेच वर आणणारा मॉड त्यात मिळतो. ‘बटरी टास्कबार’ नावाचा आणखी एक छोटा प्रोग्राम स्टार्ट मेन्यू उघडल्याशिवाय पट्टी दिसूच देत नाही.

दोन्ही एक्सप्लोररच्या कारभारात हात घालतात, त्यामुळे विंडोजचं मोठं अपडेट आलं की कधी कधी चालेनासे होतात. उतरवताना मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच घ्या. ‘फ्री डाउनलोड’च्या मोठ्या हिरव्या बटणांनी भरलेल्या साइटवरून घेतलेल्या फाइलसोबत काय काय येतं ते वेगळं सांगायला नको. घरच्या मशीनवर खुशाल वापरा. बँकेच्या, पतसंस्थेच्या, ऑफिसच्या मशीनवर सिस्टिम बघणाऱ्याला विचारल्याशिवाय नको.

टास्कबार वर किंवा डाव्या बाजूला नेला तर?

विंडोज १० मध्ये उत्तम उपाय आहे. पर्सनलायझेशन, टास्कबार, ‘टास्कबार लोकेशन ऑन स्क्रीन’. डावीकडे नेलात तर शीटच्या नावांशी त्याची गाठच पडत नाही. वर नेलात तर ब्राउझरचे टॅब आणि खिडकी बंद करायची फुली आड येते, म्हणून डावी बाजू बरी. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा ही सोय काढून टाकलेली होती.

दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारायला लागेल.

या एका कारणासाठी मुळीच नाही. फॉरमॅट केल्यावर तेच प्रोग्राम पुन्हा टाकणार, तेच पुन्हा हाक मारणार, तोच काचेचा काउंटर. आधी ऑटो-हाइड एकदा बंद करून पुन्हा चालू करा. मग एक्सप्लोरर रिस्टार्ट. मग विंडोज अपडेट. एवढ्यानेही पट्टी अडकत असेल तर टास्कबारची जागा आणि स्थिती साठवणारी ‘स्टकरेक्ट्स ३’ नावाची रजिस्ट्रीतली नोंद उरते. ती चालू वापरकर्त्याच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर या वाटेने सापडते. आधी एक्सपोर्ट करून प्रत ठेवा, मग ती काढून टाका आणि एक्सप्लोरर रिस्टार्ट करा. विंडोज ती नव्याने तयार करते. त्यानंतर ऑटो-हाइड पुन्हा चालू करावं लागेल.

मुळात टास्कबार लपवावा का?

पडदा लहान असेल तर हो. विंडोज ११ चा टास्कबार १०० टक्के स्केलिंगला ४८ पिक्सेल उंच असतो. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर म्हणजे उंचीचे सव्वासहा टक्के गेले, एक्सेलच्या दोन-अडीच ओळी. १०८० उंचीच्या मॉनिटरवर हेच प्रमाण साडेचार टक्क्यांच्याही आत येतं आणि तेवढ्यासाठी दिवसभर पट्टीशी झोंबत बसण्यात अर्थ नाही. विंडोज १० मध्ये ‘यूज स्मॉल टास्कबार बटन्स’ केलं की ४० ची उंची ३० वर येते, हा मधला मार्ग. पडदा ओलेड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एकाच जागी कायम दिसणारी पट्टी पडद्यावर डाग सोडू शकते, तेव्हा लपवलेलीच बरी.

मॅक किंवा लिनक्सवर हाच त्रास असेल तर?

मॅकवर ऑप्शन, कमांड आणि डी दाबलं की डॉकचं लपणं चालू-बंद होतं. डॉक डावीकडे नेला की चुकून उघडणं बरंच कमी होतं. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये तर विंडोजवाल्यांना हवी असलेली सोय आयतीच आहे. पॅनेलवर राइट क्लिक करून पॅनेल सेटिंग्जमध्ये जा, ‘शो डिले’ मिलिसेकंदांत लिहा. ५०० पासून सुरुवात करा.

उलटंच झालंय. बाण कडेला नेला तरी पट्टी वर येतच नाही.

विंडोज की दाबा. पट्टी आली तर ती जिवंत आहे. मॅक्सिमाइझ केलेली खिडकी तिच्या कडेच्या रेघेवर बसली आहे. ती खिडकी एकदा मिनिमाइझ करून परत उघडा. ब्राउझर एफ ११ ने फुल स्क्रीन झाला असेल तर एफ ११ पुन्हा दाबा. विंडोज कीनेही आली नाही, तर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रिस्टार्ट करा. यादीत एक्सप्लोररच नसेल तर तिथेच ‘रन न्यू टास्क’ दाबून चौकटीत एक्सप्लोरर असं इंग्रजीत लिहा आणि एंटर मारा.